कार्डाची मागची बाजू

शिगवणकाकांना कुणी आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं, की ते आधी हात पुसायचे. स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा, त्यामुळे बोटांना कायम शाई. मांडीवरच्या फडक्याला दोन्ही हात पुसून झाले की कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे. "जिग्नेशभाई... पटाडिया. बरोबर म्हटलं ना?" समोरचा हो म्हणेपर्यंत कार्ड खिशात जायचं नाही. नाव चुकलं तर पुन्हा वाचायचे. समोर बिल्डर असो नाहीतर पाण्याच्या टाक्या साफ करणारा, यात फरक नसे. माणूस गेला की काका कार्ड उलटं करायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे.

सगळ्या भाईंदरची कार्डं छापणाऱ्या या माणसाचं स्वतःचं कार्ड मात्र नव्हतं. कुणी मागितलं तर म्हणायचे, "मच्छी मार्केटच्या मागच्या गल्लीत या. मासळीचा वास संपला आणि शाईचा सुरू झाला, की थांबा. तेच माझं दुकान."

मी पहिल्यांदा तिथे गेले ती माझं कार्ड छापून घ्यायला. बी.एस्सी.चा निकाल लागून महिना झाला होता. आमच्या उत्तनच्या कोळीवाड्यातल्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील होडीवर, आई भाईंदर पश्चिमेच्या मार्केटात मासळी विकायला. मी केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास आणला होता आणि तो सगळ्या जगाला कळावा असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, आजही वाटतं. मला नोकरी हवी होती ती लॅबमध्ये. वडिलांनी मुदत दिली होती. "होळीपरत बघ. न्हाय झाला तर मॉलमदी लाग, तुझी मावसबहीण लागलीच हाय." मॉल वाईट असं मी म्हणत नाही. पण काउंटरवर उभं राहायला मी तीन वर्षं ॲसिडनं ओढणी जाळून घेतली नव्हती.

काकांनी माझा कागद वाचला. रेश्मा तांडेल, बी.एस्सी. (केमिस्ट्री), खाली फोन नंबर.

"बरोबर म्हटलं ना? आणि काम काय करतेस गो? ते कुठे लिहू?"

"काम शोधतेय."

"मग तसंच छापू. 'लॅबमध्ये काम शोधत आहे.' घेणाऱ्याला कळेल तरी, कार्ड कशाला दिलं ते."

"असं कोण छापतं काका? भीक मागितल्यासारखं वाटेल."

"भीक मागणारा आपलं नाव छापून देत नाही," काका म्हणाले. पण छापलं माझ्या मनासारखं. पैसे देताना त्यांनी सहज विचारलं, "राहायला कुठे?" मी म्हटलं, "इथेच, भाईंदरला." आई तिथून पन्नास पावलांवर पापलेटांवर पाणी मारत बसली होती.

त्याच महिन्यात मीरा रोडच्या एका हॉलमध्ये छोट्या कारखानदारांचा मेळावा झाला. भाषणाला तिथल्याच बेव्हर्ली पार्कमधला एक नेटवर्किंग कोच होता. कोट, कानाला माइक. तो ओरडून सांगत होता, "आज खाली हात घर जाना है! एक भी कार्ड बचना नहीं चाहिए!" मी ते मनावर घेतलं. अर्ध्या तासात शंभर कार्डं वाटली. दोघं बोलत असले की मधे हात घालायचा, कार्ड द्यायचं, "हॅलो सर, रेश्मा तांडेल, केमिस्ट्री" म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. एका गृहस्थांच्या एका हातात डिश, दुसऱ्यात बटाटावडा. मी कार्ड त्यांच्या डिशमध्ये ठेवलं, चटणीच्या बाजूला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि त्या कार्डानंच चटणीचं बोट पुसलं. मी मात्र घरी आले ती जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मार्केटातून जाताना काकांनी हाक मारली. मेळाव्याचे बिल्ले त्यांनीच छापले होते, म्हणून ते शेवटपर्यंत हॉलमध्ये होते. त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं. आत माझी एकतीस कार्डं होती, फडक्यानं पुसलेली. काहींवर चपलेची नक्षी तशीच.

"ही खुर्च्यांखाली होती. आता बाकीच्या एकोणसत्तरमधल्या एकाचं नाव सांग."

मला एकही सांगता येईना. आठवत होता तो फक्त चटणीवाला.

"त्यांचं नाव?"

"नाही विचारलं."

"म्हणजे त्यांच्या ताटात हात घातलास आणि नाव नाही विचारलंस." काका रागावले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. "अगो, पत्रकं वाटायला माणसं मिळतात. तू स्वतःला वाटत फिरत होतीस."

मी पाकीट तिथेच टाकून निघाले. दोन दिवस फणफणत होते. तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण आईची पाटी उचलायला मला दुपारी तिथे यावंच लागायचं, आणि ती मोकळी होईपर्यंत बसायला पंखा होता तो काकांच्या दुकानात.

तिथे मी काय काय ऐकलं! पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये काकांनी तीस वर्षांची कार्डं उभी लावून ठेवली होती. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: 'गुडघा दुखतो, आला की आधी खुर्ची.' 'मुलगी बारावीला, मार्चमध्ये त्रास देऊ नये.' 'याला अंधेरीच्या वकिलांनी पाठवलं, वकिलांना कळवलं.' कुणाकडून काय मिळवायचं, असं एकावरही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते लक्षात राहतंच गो. आपल्याला काय हवंय ते कोण विसरतो?"

फोनच्या बाबतीत ते फार कडक होते. "दुसऱ्याचा नंबर म्हणजे त्याच्या घराची किल्ली. त्यानं माझ्याकडे ठेवायला दिलीय. मी ती तिसऱ्याला कशी देऊ?" आणि रोज कुणाला ना कुणाला सुनावायचे ते वाक्य: "झालं तरी कळव, नाही झालं तरी कळव." कुणाला कामासाठी ओळखीच्या माणसाकडे पाठवलं आणि त्यानं पुढे काय झालं ते सांगितलं नाही, तर काका त्याला पुन्हा कुठे पाठवत नसत. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग पाठवणाऱ्यांना त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. पण कुणाच्या आईचं ऑपरेशन असलं, तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांचा फोन जायचाच.

दिवाळी झाली. माझे अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. एका दुपारी काकांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"नायर मॅडम, शिगवण बोलतोय. आईची तब्येत? बरं. एक मुलगी आहे, केमिस्ट्री केलंय. ती नोकरी मागणार नाही. लॅबमध्ये काम कसं चालतं ते विचारेल, वीस मिनिटं. पाठवू का? नाही म्हणालात तरी चालेल."

नायर मॅडम भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात लॅबप्रमुख होत्या. चटण्या, लोणची, मसाले यांची पाकिटं बनायची तिथे. जाताना काकांनी बजावलं, "वीस मिनिटं म्हणजे वीस. चहा यायचा असला तरी ऊठ. आणि खरं बोल."

मॅडमनी मला सगळी लॅब फिरून दाखवली. काचेची भांडी पाहून माझा जीव हरखला. एका टेबलावर जवळ्याच्या, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीच्या, चटणीचे नमुने होते. मॅडम वैतागून म्हणाल्या, "ये देखो, प्रत्येक लॉटमध्ये कचकच लागते. सप्लायर बदलून झाले. तुम्हाला काय वाटतं?" मला वाटत नव्हतं, मला माहीत होतं. वाळूवर पसरून वाळवलेल्या जवळ्यात रेती राहते, मांडवावर जाळं ताणून वाळवलेल्यात राहत नाही. हे उत्तनचं शेंबडं पोर सांगेल. पण ते सांगितलं असतं तर कुठून कळलं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "बघावं लागेल, मॅम." वीस मिनिटांनी उठले. मॅडम खूश झाल्या होत्या. म्हणाल्या, "फेब्रुवारीत एक जागा निघेल. लक्षात ठेवते."

त्या आनंदात मी जे केलं, ते माझ्यासारखीच करू शकते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, पहिल्यांदाच कुणी मोठी ओळख झालेली. कॉलेजच्या ग्रुपवर बेकार बसलेले सगळेच होते. मी तिथे नायर मॅडमचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझी ओळख आहे, माझं नाव सांगा.' खरं सांगते, मदत करायची होती. पण 'माझी ओळख' लिहिताना छाती फुगली होती, हेही खरं.

दोन दिवसांत अकरा जणांनी मॅडमना फोन केले. एकानं सकाळी सहाला बायोडाटा पाठवला. एकीनं लागोपाठ तीनदा केला. तेही शनिवारी.

सोमवारी दुकानात शिरले तर काका छपाईची फ्रेम धूत होते. त्यांनी हात पुसले, खोक्यातून मॅडमचं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिलीनं एकच ओळ होती: 'शनिवारी आईजवळ हॉस्पिटलात. फोन करू नये.'

"ही ओळ मी कधी मोडली नव्हती," काका म्हणाले. "मॅडमचा फोन आला होता. तुझ्यावर रागावल्या नाहीत, माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, शिगवण, तुम्हीसुद्धा?"

मला रडूच फुटलं. फेब्रुवारीची जागा गेली हे तर कळत होतंच. पण त्याहून, तीस वर्षं जपलेल्या या माणसाच्या शब्दावर मी चपलेची नक्षी उमटवली होती. "मी आत्ता फोन करून माफी मागते," मी म्हटलं.

"म्हणजे तो बारावा फोन. बस खाली. आधी ते अकरा थांबव."

मी ग्रुपवर लिहिलं की नंबर न विचारता दिला, चूक माझी आहे, कृपया कुणी फोन करू नका. अकरा जणांना एकेकाला वेगळं सांगितलं. दोघांनी मला शिव्या घातल्या, "स्वतःचं झालं ना, मग आमचं कशाला होऊ देशील!" त्या गिळल्या. मग कागद घेऊन पत्र लिहायला बसले. काकांनी मसुदा वाचला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"इथे लिहिलंयस, 'पण माझा हेतू चांगला होता.' हे काढ. माफीत 'पण' आला की तो अर्ज होतो."

"आणि हे शेवटचं? 'संधी द्याल अशी आशा'?"

"तेही काढ. तू काहीतरी घ्यायला जातेयस की द्यायला?"

उरल्या तीन ओळी. काय केलं, ते चूक होतं, पुन्हा होणार नाही. पत्र कारखान्याच्या वॉचमनकडे देऊन आत न डोकावता परत आले.

उत्तर आलं नाही. महिना गेला. जानेवारी उजाडला. मॉलमधल्या बहिणीनं माझ्या मापाचा युनिफॉर्म विचारून ठेवला होता. एका दुपारी बोलता बोलता मी काकांना जवळ्याचं सांगितलं. त्यांच्या हातातली शाई ओढायची रबराची पट्टी थांबली.

"तुला माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? म्हणतील, ही मासळीवालीची मुलगी."

"मग कुणाची आहेस?" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुझ्या आईकडून मी वीस वर्षं बोंबील घेतोय. तिला विचार, माझ्या घरी काटा कुणाला चालत नाही. पटकन सांगेल. तिच्याकडे खोकी नाहीत, पेन्सिल नाही, आणि सगळं मार्केट तिला तोंडपाठ आहे. मी शिकलो ते कुणाकडून असं वाटलं तुला?"

म्हणजे पहिल्याच दिवशी, मी 'इथेच, भाईंदरला' म्हटलं तेव्हाच, या माणसाला सगळं माहीत होतं.

"महिना झाला, आता जायला हरकत नाही," ते शांत होऊन म्हणाले. "मागायला नको जाऊ. तुझ्याकडे देण्यासारखं आहे, ते देऊन ये."

त्या रात्री आईकडे दोन प्रकारचा जवळा मागितला. ती म्हणाली, "फॅक्टरीत न्हेतेस? त्याना काय जवला बगाया न्हाय मिलला?" पण दोन्ही पुड्या तिनं निवडून दिल्या. एक वाळूवरचा, एक मांडवावरचा. मी दोन्ही सारख्याच पाण्यात खळबळले, तळाला बसलेली रेती दोन बाटल्यांत भरली, चिठ्ठ्या लावल्या आणि एका पानावर लिहिलं, कसा वाळवतात, घेताना काय बघायचं. खाली सही. रेश्मा तांडेल, उत्तन. पुन्हा वॉचमन, पुन्हा परत.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?" नायर मॅडम.

"हो, मॅम."

"मग बोलला का नाहीत?"

काका म्हणाले होते, खरं बोल. "लाज वाटली. आई मासळी विकते, ते सांगायची."

मग मॅडम म्हणाल्या, "उद्या दहा वाजता या. आणि आईंना विचारा, त्या येतील का. माझ्या लॅबमध्ये हे सांगणारं कुणी नाही."

आई आली. नऊवारी, अंबाड्यात अबोली, आणि त्यावर लॅबची प्लॅस्टिकची टोपी घालायला लावली तेव्हा म्हणाली, "आगो बाय, माजी फुला चेंगरतील!" सगळी लॅब हसली. मग तिनं मूठभर जवळा उचलला, तळहातावर चोळला, कानाजवळ नेला. "ऐका. ह्यो बोलतंय तो रेतीवरचा. मांडवावरचा गप राह्यते." शिकलेली चार माणसं माझ्या आईच्या हाताला कान लावून उभी होती. निघताना मॅडमनी तिला कार्ड दिलं. आईला वाचता येत नाही. तिनं ओले हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी कार्ड घेतलं आणि विचारलं, "नाव काय तुजा, बाय?" मॅडमनी सांगितलं. आईनं ते परत म्हणून दाखवलं, "बरोबर?"

तेव्हा मला कळलं, काका कुणाकडून शिकले ते.

होळीला दोन आठवडे असताना मी नायर मॅडमच्या लॅबमध्ये, फेब्रुवारीच्या त्याच जागेवर, रुजू झाले. नेमणुकीचं पत्र हातात पडलं तेव्हा घरी जायच्या आधी त्या गल्लीत गेले. "काका, झालं." त्यांनी मान हलवली आणि फोन पुढे केला, "मॅडमना सांग, पत्र मिळालं म्हणून. मग वडिलांना." त्या होळीला वडिलांनी कोळीवाड्यात माझ्या नावानं पेढे वाटले, आणि मॉलमधल्या बहिणीनं सर्वांत मोठा उचलला. पुढे त्या अकरा जणांपैकी तिघांना मी नोकरीला लावलं. दर वेळी आधी विचारून.

दहा वर्षं होत आली. गेल्या वर्षी ती इमारत पाडायची ठरली आणि काकांनी दुकान आवरून रत्नागिरीकडे गावी जायचं ठरवलं. ही बातमी लागताच तोच नेटवर्किंग कोच आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अंकल, ये सब डेटा मुझे दे दो. जो बोलोगे वो दूँगा." काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "साहेब, ये लोग मेरे नहीं हैं. बेचूँ कैसे?" तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "ही माणसं तुला द्यायची मनात आहे. पण विचारून."

आणि त्यांनी विचारलं. दोन महिने, रोज अकरा ते एक, एकेक कार्ड काढून फोन. "शिगवण बोलतोय. गुडघा कसा आहे? मी गावी चाललोय. तुमचं कार्ड रेश्मा तांडेलकडे ठेवू का? माझ्या जागी ती असेल." कुणी रडलं, कुणी अर्धा तास सोडलं नाही, कुणी दुकानातच येऊन बसलं. मोजक्या पाचसात जणांनी नको म्हटलं. त्यांची कार्डं काकांनी माझ्यासमोर फाडली, मी नावं वाचू नयेत म्हणून उलटी धरून.

शेवटच्या दिवशी मी त्यांना माझं नवं कार्ड दिलं. त्यांनी हात पुसले, दोन्ही हातांनी घेतलं, चष्मा खाली ओढला. "रेश्मा तांडेल. लॅबप्रमुख. उत्तन." उत्तन मुद्दाम छापून घेतलं होतं. "बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर, काका."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक जुनं कार्ड काढलं. माझंच, पहिल्या शंभरातलं, कोपऱ्यावर चपलेची नक्षी. "हे मी सोबत नेतोय. तुला विचारायचं राहिलं होतं. नेऊ का?"

मी ते हातात घेऊन उलटं केलं. पेन्सिल जवळजवळ पुसली होती, तरी वाचता आलं: 'तांडेलबाईंची मुलगी. आईसारखीच आहे, अजून तिला माहीत नाही.'

मी ओढणीला हात पुसले आणि कार्ड दोन्ही हातांनी त्यांना परत दिलं.

"न्या, काका. आणि पोचलात की कळवा."